कोपर

त्या वर्षी दिवाळीच्या तोंडावर पाऊस आला आणि बांधीत कापून पसरलेल्या धानाच्या कडपा पाण्याखाली गेल्या. धान काळं पडलं. काही जागच्या जागीच उगवून आलं. पाणी उतरल्यावर करुणा आणि तिचा नवरा सूरज दोघंही चिखलात बसून लोंब्या वेचत होते, पण वेचून वेचून माणूस किती वेचणार? सूरज हैदराबादकडे इमारतीच्या कामाला निघून गेला. करुणा दरसालसारखी मिरची सुरू झाली त्या दिवसापासून सातऱ्यावर, मिरचीचे देठ खुडायला, जाऊ लागली.

कोंढ्याच्या रस्त्याला तो सातरा होता. वर हिरवी जाळी ताणलेली, खाली ताडपत्रीवर लाल मिरचीचे ढीग आणि ढिगांभोवती बायकाच बायका. वाळली मिरची उचलायची, देठ खुडायचा, मिरची एका घमेल्यात, देठ दुसरीकडे. दिवस उगवल्यावर मान खाली जायची ती दिवस मावळतानाच वर यायची. दिवसभर शिंका आणि खोकला चाले. नाकातोंडावर दुपट्टे बांधलेले असत, तरी ठसका घशात शिरायचाच.

पण ठसका तिथंच राहतो. हाताची आग घरी येते. ती साबणानं जात नाही, राखेनं जात नाही. ताकात हात बुडवून बसलं की घटकाभर निवते आणि पुन्हा नखांच्या कडेनं वर चढते. चुलीजवळ बसलं की हात तव्यावर ठेवल्यासारखे होतात.

म्हणून सातऱ्याच्या बायका आपल्या लेकरांना हातानं शिवत नाहीत, कोपरानं शिवतात. झोपलेल्या लेकराला कोपरानं हलवून उठवायचं, रडणाऱ्याच्या पाठीवर कोपर फिरवायचं, ताप आहे का ते कोपर कपाळाला लावून बघायचं. ताराबाई, करुणाच्या शेजारची आणि सातऱ्यावर तिच्याच रांगेत बसणारी, हसून म्हणायची, "आपले पोट्टे आपल्याले कोपरानंच वळखतेत वं. हात कोनाचा लागला त म्हनतेत, ही कोन बाई?"

बायका हसायच्या. करुणाही हसायची.

तिला एकच लेक, तृप्ती. सहावं सरून सातवं लागलेली. नवसाची होती. तळहाताच्या फोडासारखं जपायचं असं लोक म्हणतात, पण तळहात लावायचीच चोरी, तर जपायचं कसं? ते काम आजवर करुणाच्या सासूनं, उषाबाईनं केलं. पोरीला न्हाऊ घालणं, घास भरवणं, सकाळी तेलमिठाचं बोट तिच्या दातांवरून फिरवणं, सगळं आजीचं. दुपारी पोरगी आईसाठी रडायला लागली की आजी गुळाचा खडा तिच्या गालात ठेवायची. गूळ चोखत चोखत पोरगी झोपून जायची. त्या गुळानं तिच्या दाढा खाल्ल्या हे खरं, पण म्हातारीच्या जवळ रडतं लेकरू निजवायला दुसरं होतं तरी काय? मागच्या सालच्या पौषात उषाबाई गेली. तेव्हापासून तृप्ती आपल्या हातानं जेवते, आपल्या हातानं तोंड धुते.

आणि त्यानंतरच्याच उन्हाळ्यात ते झालं होतं.

करुणा सातऱ्यावरून आली तर पोरगी दाढ धरून रडत बसलेली. करुणानं साबणानं हात धुतले. चांगले घासून धुतले. "कुठं दुखून राहिलं, पाहू दे," म्हणत तिनं बोट आत घातलं आणि हिरडीवरून फिरवलं. पोरीनं जी किंकाळी फोडली ती ऐकून शेजारी धावत आले. करुणाचं भान गेलं. त्याच हातानं तिनं पोरीचे डोळे पुसले.

पुढं काय झालं ते करुणानं कधी कुणाला सांगितलं नाही. ताराबाईनं पोरीच्या डोळ्यांत दूध सोडलं, तोंडात साखर कोंबली. दुसऱ्या दिवशी पोरगी अंगणात खेळत होती. विसरली, असं करुणानं मनाशी धरलं.

फाल्गुन लागला. एका संध्याकाळी करुणानं तुळशीपाशी दिवा लावला. तृप्ती रोजच्यासारखी हात जोडून समोर उभी राहिली आणि कपाळ पुढं केलं. करुणा बोटानं अंगारा लावत नसे. तुळशीची वाळली काडी अंगाऱ्यात बुडवून ती पोरीच्या कपाळावर टेकवायची. पोरीला वाटे, अंगारा असाच लावतात. त्या दिवशी काडी टेकवताना दिव्याच्या उजेडात पोरीचा उजवा गाल दिसला. कानाखालपर्यंत टरारून आला होता.

"तोंड उघड वं माय. पाहू दे."

पोरीनं ओठ आत दाबून घेतले.

"मी हात नाही लावत. पाह्य, हात मागं घेतले."

करुणानं दोन्ही हात पाठीमागं बांधल्यासारखे धरले. पोरीनं ते वाकून पाहिले, खात्री करून घेतली आणि मग तोंड उघडलं. वरची दाढ काळी, पोकळ. हिरडीवर फोड आलेला. तोंडाला घाण वास.

"केव्हापासून दुखते?"

"लय दिवसापासून."

"मले काहून नाही सांगितलं?"

पोरगी आईच्या पाठीमागं गेलेल्या हातांकडंच पाहत राहिली.

दुसऱ्या दिवशी करुणानं सातऱ्याच्या मुकादमाला, परसरामला विचारलं. तो काटा लावून पोती मोजत होता.

"भाऊ, मंगळवारी दातवाली मॅडम येते म्हनते सरकारी दवाखान्यात. पोरीले नेतो."

"जाय ना. अडवतो का मी?" परसरामनं मान वर न करता म्हटलं. "पन जागा धरून नाही ठेवत. एकोडीकडच्या बाया टेम्पोत बसून तयारच आहेत."

"एका दिवसाचंच काम आहे जी."

"सगळ्याईचं एकाच दिवसाचं असते."

ताराबाईनं मिरची घमेल्यात टाकत म्हटलं, "तिच्या पोट्टीचा गाल सुजला त ते काय गंमत करून राहिली का रे? जाय वं करुणा तू. याचा दात दुखला की सातरा बंद ठेवते हा."

परसराम पुढचं पोतं काट्यावर चढवायला लागला.

मंगळवारी करुणानं पहाटे ताकात हात बुडवून ठेवले. राख लावली, पुन्हा ताक लावलं. पेटीतली धुतली साडी नेसली. एसटीत तृप्ती खिडकीशी बसली. डॉक्टरीणबाई कशी असते, ती रागावते का, एवढंच तिनं विचारलं.

दवाखान्यात दातांच्या खोलीबाहेर बाकावर त्यांच्या पुढं एक बाई होती, कापडाच्या दुकानवाल्याची असावी. तिच्या मांडीवर तृप्तीच्याच वयाचा मुलगा होता. तो आतापासूनच भोकाड पसरून बसला होता.

"मले नाही जायचं. सुई टोचते."

"नाही टोचत रे बावळ्या. कोणता दात, हा?" म्हणत त्या बाईनं हसत हसत त्याच्या तोंडात बोट घातलं, गाल बाजूला केला, दात चाचपला. तो रडत होता आणि रडता रडता आईचं बोट चावत होता. तिनं बोट काढलं, पदराला पुसलं आणि त्याच हातानं त्याचे डोळे पुसले.

करुणा ते बोट पाहत राहिली.

मुलगा आत गेला, ओरडला, बाहेर आला तेव्हा आईच्या कडेवर होता आणि बिस्किटाचा पुडा मागत होता.

मग तृप्तीचं नाव पुकारलं. ती रडली नाही. आपल्या पायानं आत गेली. खुर्चीवर स्वतः चढली आणि हात पोटावर ठेवून निजली. दाताच्या डॉक्टर मोनिका मॅडम वयानं लहानच होत्या. मदतीला नत्थू नावाचा पांढऱ्या मिशांचा माणूस होता.

"अरे वा," नत्थू म्हणाला, "आताचा पोट्टा तीन गल्ल्याईले ऐकू गेला. ही पाहा कशी शहाणी."

"नाव काय गं राणी तुझं?"

"तृप्ती."

"शाळेत जातेस?"

"हो."

"छान. आता मोठ्ठा आ कर."

मॅडमचा हात पुढं आला. हात ओठांपर्यंत पोचायच्या आधीच पोरीचं तोंड मिटलं. कुणी आतून आडणा घालावा तसं मिटलं. मॅडम गोड बोलल्या, आरसा दाखवला, दिवा दाखवला. सुईचं नावही काढलं नाही. पोरगी मान हलवून सगळ्याला हो म्हणे आणि हात पुढं आला की तोंड मिटून घेई. बाहेर माणसांची रांग वाढत होती.

"आई, तुम्ही या इकडं," मॅडम म्हणाल्या. "तुमच्या बोटानं तिचा ओठ जरा वर धरा. आईचा हात लागला की मूल निवतं."

करुणा जागची हलली नाही.

"या ना. लवकर."

करुणा पुढं झाली. ताकानं धुतलेला, राखेनं घासलेला हात तिनं पुढं केला. बोट पोरीच्या गालाजवळ गेलं आणि पोरीनं दोन्ही हातांनी आपले डोळे झाकले. घशातून बारीक आवाज निघाला, मांजराच्या पिल्लावर पाय पडावा तसा. अंग ताठ झालं. खुर्चीवरून पाणी खाली टपकू लागलं.

"अरे, ओलं केलं," नत्थू म्हणाला. "काय पोट्टे आहेत आजकालचे. लाडानं वाया गेले नुसते."

मॅडम मात्र पोरीच्या हातांकडं पाहत होत्या. "दुखते दाढ आणि ही डोळे का झाकते?" त्या हळूच म्हणाल्या. मग करुणाकडं वळल्या. "घरी मारता का हिला?"

"नाही जी."

"मग तुमचा हात लागायच्या आधीच का घाबरते?"

करुणानं दोन्ही हात पदराखाली घेतले. मॅडमनी सूज उतरायचं औषध दिलं. म्हणाल्या, "ही दाढ काढावीच लागेल. सूज डोळ्याकडं चढली तर मोठ्या दवाखान्यात न्यावं लागेल, बेशुद्ध करून काढतील. तोवर घरी सवय लावा. रोज तुमच्या बोटानं तिचे दात घासा."

करुणानं मान हलवली. नत्थूनं दिलेल्या फडक्यानं तिनं खुर्ची पुसली, फरशी पुसली. बाहेर बाकावरची माणसं ओल्या फ्रॉककडं पाहत होती.

त्यानंतर करुणा सातऱ्यावर गेली नाही. परसरामनं दोनदा निरोप धाडला आणि मग धाडेनासा झाला. तिच्या जागेवर दुसरी बाई बसली. डब्यातले तांदूळ तळाला लागले. हैदराबादहून सूरजचा फोन आला, "काहून घरी बसली?" तर ती म्हणाली, "पोरीची दाढ आहे जी." तो म्हणाला, "दाढ तिची आहे, तू कायले बसली?" तिनं फोन ताराबाईच्या हाती दिला आणि ताराबाईनं काय ते सांगितलं.

रोज पहाटे ती तुळशीला पाणी घालायची आणि ओले हात तिथल्या मातीत दाबून धरायची. मागायला तिच्यापाशी दुसरं काही नव्हतं. माय, एवढी आग काढून घे. दिवसभर ताक, तेल, शेण, जे जे कुणी सांगेल ते ते हाताला लावायची. नखं मुळापर्यंत कापली. संध्याकाळी दिवा लावला की हात धुवायची आणि बोट आपल्या डोळ्याला लावून बघायची. डोळा आगीनं भरून यायचा. ती पदर धरून मुकाट बसायची. तृप्ती उंबऱ्यात बसून ते पाहायची.

मग एका संध्याकाळी तिनं बोट डोळ्याला लावलं आणि डोळा तसाच राहिला. तिनं दुसऱ्या डोळ्याला लावलं. जिभेला लावलं. मातीचा आणि तेलाचा वास, बाकी काही नाही.

"तृप्ती, इकडं ये वं."

पोरगी आली.

"हात पाह्य माहा."

पोरीनं हात धरला नाही. वाकून वास घेतला. बोट बोट करून वास घेतला.

"मिरची नाही," ती म्हणाली.

"नाही ना. लावू का मंग? दातावर नाही, नुसतं ओठाले."

"लाव."

तिनं डोळे घट्ट मिटले, मुठी आवळल्या आणि आ केला. करुणाचं बोट पुढं गेलं. ओठाला टेकलं न टेकलं तोच तोंड मिटलं. पोरीनं पुन्हा उघडलं. पुन्हा मिटलं. असं कितीदा झालं. शेवटी पोरगीच रडवेली झाली.

"मी लाव म्हनतो आई," ती म्हणाली, "पन तोंड नाही ऐकत."

करुणानं हात मागं घेतला आणि कोपरानं तिला जवळ ओढलं. पोरगी लगेच कुशीत शिरली. दारातून ताराबाई हे पाहत होती. एरवी तिच्या तोंडाला खीळ नसे, पण त्या दिवशी ती परत वळली आणि आपल्या घरी जाऊन चुलीपाशी बसली.

औषध संपलं आणि सूज पुन्हा वर आली. या वेळी डोळ्याची खालची कड भरली होती. मंगळवार आला. एसटीच्या थांब्यावर ताराबाई सातऱ्याला जायला निघालेली भेटली.

"परसरामशी बोलली मी," ती म्हणाली. "एकोडीच्या बाया मिरची मोडतेत म्हनते, सगळा माल वाया घालवतेत. उद्यापासून ये म्हनते तुले."

करुणा पोरीच्या गालाकडं पाहत होती. "येतो," ती म्हणाली. घरात तांदूळ नव्हते, मग दुसरं काय म्हणणार?

दवाखान्यात आत जाताना तिनं पोरीला दाराशी ठेवलं आणि स्वतः एकटी मॅडमच्या टेबलापाशी गेली. हात पदराबाहेर काढले आणि टेबलावर ठेवले. कातडी सोलून गेलेली, नखं बोटांच्या आत गेलेली.

"मॅडम, त्या दिवशी तुमी विचारलं, मारता का म्हनून. मारत नाही जी. मी मिरचीच्या सातऱ्यावर जातो. मागच्या साली याच बोटानं तिची दाढ पाह्यली अना त्याच हातानं डोळे पुसले. तेव्हापासून ती हाताले भेते. तुमच्या नाही. माह्या."

मॅडम त्या हातांकडं पाहत राहिल्या. नत्थू हत्यारं लावत होता, तो थांबला.

"आता आग नाही राहिली," करुणा म्हणाली. "पन तिच्या जिवाले ते कसं समजावं? मी काय म्हनतो मॅडम, मी बाहेर उभी राहतो. माहे हात दिसले की तिचं तोंड मिटते. हात दिसलेच नाही त उघडन."

"आई जवळ नसली तर मुलं जास्त घाबरतात हो."

"दुसऱ्याचे घाबरत असतीन जी."

मॅडमनी मान हलवली.

करुणा दाराशी आली. पोरीपुढं उकिडवी बसली आणि हात पाठीमागं धरले. "तू मॅडमसंग जाय. मी इथंच आहे, भिंतीमागं. येत नाही मी आतमंदी. समजलं? मी नाही येत."

पोरीनं आईच्या पाठीमागं वाकून हात पाहिले आणि मग आत गेली.

दार लोटलं गेलं. करुणा व्हरांड्याच्या भिंतीला टेकून उभी राहिली. आतून सगळं ऐकू येत होतं.

"हे बघ तृप्ती, हा माझा हात. वास घे बरं. कशाचा येतो?"

हुंगल्याचा आवाज आला, मग पोरीचा, "साबनाचा."

"आणि हा हातमोजा?"

"फुग्याचा."

"फुग्याचाच आहे तो. नत्थूभाऊ, फुगवा बरं एक."

फूं फूं असा आवाज आला. पाच बोटांचा फुगा झाला असावा, कारण तृप्ती हसली. खळखळून हसली. सासू गेल्यापासून करुणानं हे हसू ऐकलं नव्हतं. ती भिंतीवर डोकं टेकवून ऐकत राहिली. बाकावरची एक बाई म्हणाली, "तुमचीच का हो आतमंदी? धीट आहे बापा." करुणानं हो म्हटलं.

मग हसू थांबलं. "आता मोठा आ. हं. असाच. वा गं माझी बाई." करुणानं डोळे मिटले. किंकाळी येईल म्हणून तिनं श्वास धरून ठेवला. किंकाळी आली नाही. लेकीच्या तोंडात दुसरीचा हात होता आणि लेक निवांत होती. पत्र्याच्या वाटीत काहीतरी टणकन पडलं.

तृप्ती बाहेर आली तेव्हा तिच्या एका गालात कापूस होता. बोलायचं नाही असं मॅडमनी सांगितलं होतं. हातात तो पाच बोटांचा फुगा होता. ओठाच्या कोपऱ्यातून लाळ आणि रक्त हनुवटीवर उतरत होतं. करुणाच्यानं राहवलं नाही. धुतल्या साडीचा पदर बोटावर घेऊन तिनं हात पुढं केला.

पोरगी एक पाऊल मागं सरली. आईकडं पाहत पाहत तिनं आपल्याच फ्रॉकच्या बाहीला तोंड पुसलं.

नत्थू दारात उभा होता. तो म्हणाला, "सवय मोडन बाई हळूहळू. लेकरूच आहे." आणि आत वळून कुणावर तरी उगाच ओरडला.

परतीच्या एसटीत गर्दी नव्हती. करुणानं पोरीला खिडकीशी बसवलं. ऊन तापलं होतं. कोंढ्याचा रस्ता लागला तसा वाऱ्यावर तो वास आला आणि पुढच्या बाकावरचा माणूस शिंकला. डाव्या अंगाला हिरव्या जाळीखाली लाल ढीग दिसले आणि त्यांच्याभोवती खाली वाकलेल्या माना. तृप्ती तिकडं बघत होती. मग तिनं आईकडं पाहिलं.

आईचा हात मांडीवर होता. पोरीनं तो दोन्ही हातांनी उचलला. तळहात उलटा करून पाहिला, नाक जवळ नेऊन वास घेतला आणि जिथून उचलला तिथंच, सांडू नये असं काही ठेवावं तसा, परत ठेवून दिला. मग आईचं कोपर आपल्याकडं ओढून घेतलं, सुजलेला गाल त्याच्यावर टेकवला आणि डोळे मिटले.

वळणावर एसटीला हिसका बसला. करुणानं कोपर हलू दिलं नाही. हात मांडीवर उताणा पडला होता. थंड होता, उद्या सकाळपर्यंत.